लंडनमध्ये कुटुंबासह मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना घेऊन, बऱ्याचदा आजी-आजोबांनाही घेऊन, पहिल्यांदा लंडनला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक जण जागा शोधताना आधी भाडं बघतात, मग फोटो आणि शेवटी नकाशा. माझा आग्रह उलट आहे. घरातलं जे माणूस सगळ्यात आधी दमतं किंवा भुकेलं होतं, त्याच्या हिशेबाने जागा ठरवा. मग ती चार वर्षांची मुलगी असो की गुडघे दुखणारी आजी. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

लंडन एवढं मोठं आहे, नेमक्या कोणत्या भागात राहावं?

भागाच्या नावापेक्षा स्टेशन बघा. लंडनमध्ये अमुक पेठ चांगली, तमुक वाईट असा विचार पाहुण्याच्या फारसा कामाचा नाही. तुमच्या दारापासून पाच-सात मिनिटांवर कोणतं स्टेशन आहे आणि तिथून किती मार्ग निघतात, यावर रोजचा दिवस ठरतो.

लहान मुलं असतील तर साउथ केन्सिंग्टनचा विचार जरूर करा. नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही तिन्ही एकमेकांना लागून आहेत आणि तिन्हींना प्रवेश मोफत आहे. जागा जवळ असली की सकाळी दोन तास डायनासोर बघायचे, दुपारी घरी येऊन वरणभात खाऊन झोपायचं आणि संध्याकाळी हाइड पार्कात जायचं, असा दिवस आखता येतो. भाडं मात्र चढं असतं.

किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस हा माझ्या मते सगळ्यात सोयीचा तळ. ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचे, सहा मार्ग इथून जातात, त्यातला पिकॅडिली मार्ग थेट हीथ्रो विमानतळाला जोडलेला आहे. पॅरिसला जाणारी युरोस्टार रेल्वेही इथूनच सुटते. स्टेशनाच्या मागचा भाग आता मोकळा आणि फिरण्याजोगा झालाय. शेजारच्या यूस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय खाणावळी आहेत, शाकाहारी कुटुंबाला तोही आधार.

पॅडिंग्टनही चांगलं. हीथ्रो एक्स्प्रेस विमानतळावरून इथे पंधरा मिनिटांत येते आणि एलिझाबेथ लाइन ही शहरभर जाणारी रेल्वे साधारण अर्ध्या तासात, बऱ्याच कमी पैशांत. इथे राहिलात तर एक संध्याकाळ हाउली प्लेसपर्यंत चालत जा. दहा नंबरच्या घरात १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक राहिले होते. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी ते तेव्हा लंडनला आले होते. घरावर तशी निळी पाटी आहे. मुलांना ती दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

थोडं शांत आणि मोकळं हवं असेल तर ग्रिनिच. मोठी बाग, कटी सार्क जहाज, शून्य रेखांशाची रेघ हे सगळं पायी अंतरावर आणि डीएलआर या हलक्या रेल्वेने शहराशी जोडलेलं.

झोन १ मध्येच राहायला हवं का? बाहेर स्वस्त मिळतं.

मिळतं, पण तुमच्या कुटुंबात कोण किती वर्षांचं आहे यावर खरं उत्तर अवलंबून आहे. लंडनची वाहतूक मध्यापासून बाहेर झोनमध्ये वाटलेली आहे आणि जितकं लांब राहाल तितकं गाडीभाडं वाढतं. पण अकरा वर्षांखालील मुलांना बसमध्ये तिकीट नाही. ट्यूब, डीएलआर, ओव्हरग्राउंड (लंडनची उपनगरी रेल्वे) आणि एलिझाबेथ लाइनवरही मोठ्या माणसाबरोबर असतील तर ती मोफत जातात, एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. म्हणजे आई-बाबा आणि दोन लहान मुलं असतील तर भाडं दोघांचंच. अशा कुटुंबाला झोन ३ मधली जागा खरोखर स्वस्त पडू शकते.

तेच कुटुंबात आजी-आजोबा आणि तेरा वर्षांचा मुलगा असेल तर हिशेब बदलतो. ज्येष्ठांचा मोफत पास लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत भरून मिळते. ती चौदा दिवसांपर्यंत चालते आणि मोठ्यांच्या निम्मं भाडं पडतं. स्टेशनवर कर्मचाऱ्याला सांगितलं की तो भरून देतो. ही सवलत बऱ्याच जणांना माहीतच नसते.

आणखी एक. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत.

पैशांइतकाच वेळही मोजा. झोन ४ मधून रोज जाऊन-येऊन दीड तास गेला तर दुपारी घरी येऊन विसावा घेण्याचा बेत संपलाच. मुलं आणि म्हातारी माणसं मग दिवसभर बाहेर आणि संध्याकाळी सगळेच चिडलेले.

हॉटेल, अपार्ट-हॉटेल की कुणाचं पूर्ण घर?

चार रात्रींपर्यंत राहणार असाल तर हॉटेल. त्याहून जास्त असेल तर अपार्ट-हॉटेल, म्हणजे खाली रिसेप्शन आणि खोलीतच छोटं स्वयंपाकघर असलेली जागा. सिटाडिन्स, स्टेसिटी, लॉक अशा साखळ्यांच्या जागा लंडनमध्ये आहेत. काही बिघडलं तर विचारायला माणूस असतं, बॅगा ठेवता येतात, लिफ्टही बहुधा असते आणि रात्री मुलाला दूध गरम करून देता येतं. कुटुंबासाठी मी पहिल्यांदा हाच पर्याय सुचवते.

पूर्ण घर भाड्याने घेणं सहा जणांच्या कुटुंबाला परवडतं, कारण हॉटेलात तुम्हाला दोन-तीन खोल्या लागतील. पण तिथे दाराशी कुणी नसतं. किल्ली बहुतेक वेळा आकडे जुळवायच्या पेटीत असते, साफसफाईचे पैसे वेगळे लावतात आणि गरम पाणी बंद पडलं तर मालकाला फोन लावत बसावं लागतं. सरावलेल्या प्रवाशांना हे जमतं. पहिल्याच परदेश प्रवासात, बरोबर सत्तरीच्या सासूबाई असताना, मी हा धोका घेणार नाही.

भाव ताडून पाहताना फक्त रात्रीचं भाडं बघू नका. त्यात साफसफाईचे पैसे, रोजचं गाडीभाडं आणि सकाळचा नाश्ता मिळवा. प्रीमियर इनसारख्या हॉटेलात एका मोठ्याने नाश्ता घेतला की सोळा वर्षांखालची दोन मुलं मोफत खातात. चौघांच्या कुटुंबाला यातून चांगलाच फरक पडतो.

‘फॅमिली रूम’ लिहिलंय, म्हणजे आम्ही पाच जण बसू ना?

बहुतेक वेळा नाही. फॅमिली रूम म्हणजे साधारण दोन मोठे आणि दोन मुलं. मुलांचे पलंग बऱ्याचदा सोफ्यातून ओढून काढायचे असतात. भारतात ‘एक गादी जास्त टाका’ म्हटलं की काम होतं, तिथे होत नाही. आगीच्या नियमांमुळे खोलीत किती माणसं झोपणार हे ठरलेलं असतं. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचं वय बुकिंग करतानाच लिहा. बाळाचा पाळणा आधी सांगितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो.

दोन खोल्या घ्यायच्या असतील तर मधून दार असलेल्या हव्यात असं स्पष्ट लिहून कळवा आणि हॉटेलकडून लेखी होकार घ्या. नुसत्या ‘शेजारच्या’ खोल्या म्हणजे दोन वेगळी दारं आणि मध्ये कॉरिडॉर. पाच वर्षांच्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

घराच्या जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असेल तर पलंग मोजा. दोन बेडरूम आणि दिवाणखान्यातला सोफा मिळून सहा होतात. म्हणजे कुणीतरी रोज सोफ्यावर झोपणार आणि तो झोपेपर्यंत सगळे जागे राहणार. सहा माणसांना एकच न्हाणीघर असेल तर सकाळी नऊच्या आधी बाहेर पडणं विसरा.

आजी-आजोबांना जिने झेपत नाहीत. काय पाहावं?

या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दोन ठिकाणचे जिने असतात, राहत्या जागेतले आणि स्टेशनातले.

राहत्या जागेतले आधी. पॅडिंग्टन, बेजवॉटर, अर्ल्स कोर्ट या भागांतली पुष्कळ छोटी हॉटेलं म्हणजे शेजारी शेजारी चिकटलेली व्हिक्टोरियन काळातली घरं. दर्शनी खांब सुंदर, आत अरुंद, चढा जिना आणि लिफ्ट नाही. असली तरी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते, शिवाय लिफ्टपर्यंत पोचायला दारातच चार-पाच पायऱ्या. त्यामुळे ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘रस्त्यापासून आमच्या खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत’ असं विचारा. उत्तर आकड्यात मागा.

आता स्टेशनातले. लंडनची ट्यूब १८६३ मध्ये सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे. तिच्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्थानकांत पायऱ्यांशिवाय रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येतं. काही ठिकाणी लिफ्ट असूनही पुढे जिना उतरावा लागतो, रसेल स्क्वेअर हे त्याचं उदाहरण. म्हणून ट्यूबच्या नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेलीच स्थानकं निवडा. किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस, ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर, हॅमरस्मिथ या ठिकाणी सोय आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्थानकांत आहे. डीएलआरच्याही सगळ्या.

आणि बसला कमी लेखू नका. लंडनच्या सगळ्या बस खालच्या फरशीच्या आहेत, चढायला सोप्या, बाबागाडीसाठी जागा असलेल्या. आजींना जमिनीखालून नेण्यापेक्षा बसच्या खिडकीतून शहर दाखवलं तर त्यांनाही आनंद होतो. तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसेही पडत नाहीत. त्यामुळे जागा बघताना जवळचा बसथांबाही बघा.

स्वयंपाकघर घ्यायचंच का? घेतलं तर काय नेऊ?

आठवडाभर राहणार असाल आणि घरात शाकाहारी किंवा पथ्याचं माणूस असेल तर घ्या. दोन वेळा बाहेर खाणं लंडनमध्ये महाग आहेच, पण खरी अडचण वेळेची असते. मुलांना वेळेच्या फरकामुळे पहिले दोन-तीन दिवस फार लवकर जाग येते. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे घरचे सकाळचे आठ म्हणजे तिथले साडेतीन. त्या वेळी कोणतंही हॉटेल नाश्ता देत नाही. तुमच्याकडे दूध आणि पोहे असतील तर ती पहाट सुखाची जाते.

बुकिंगपूर्वी शेगडीचा फोटो बघा. बऱ्याच नव्या जागांत इंडक्शन असतं. त्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर किंवा गोल बुडाची कढई चालत नाही. सपाट, लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. काही ‘किचनेट’मध्ये नुसता मायक्रोवेव्ह, किटली आणि सिंक असतं, शेगडी नसते. तेही विचारून घ्या. वीज २३० व्होल्टची आहे, म्हणजे आपला छोटा राइस कुकर तिथे चालतो. फक्त तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

फोडणी जपून करा. ब्रिटनमध्ये प्रत्येक भाड्याच्या घरात धुराचा भोंगा असतो आणि मोहरी-मिरचीच्या धुराने तो हमखास वाजतो. काही इमारतींत त्याने सगळ्यांनाच खाली रस्त्यावर उतरावं लागतं. चिमणी चालू करा, खिडकी उघडा, तेल कमी तापवा. भोंग्यावर कापड किंवा पिशवी बांधणं धोक्याचं आणि नियमाविरुद्ध आहे, तो मार्ग नकोच.

सोबत न्यायला थालिपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, बेसन, लोणच्याची घट्ट बंद बाटली. तूप, पनीर, खव्याचे पदार्थ आणि कोणतंही मांस नेऊ नका. भारतातून वैयक्तिक सामानात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही आवश्यक प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मे महिन्यात हापूसची पेटी नेण्याचा मोह होतो, तो आवरा. दूध, दही, भाज्या, ब्रेड टेस्को किंवा सेन्सबरीच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत मिळतात.

न्हाणीघराबद्दल काही सांगाल का?

हो, कारण याबद्दल कुणी आधी बोलत नाही. ब्रिटिश न्हाणीघरात फरशीला बहुधा निचरा नसतो. बादली-तांब्याने आंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं आणि भरपाई तुमच्याकडून घेतात. शॉवर बऱ्याच ठिकाणी टबाच्या आत असतो. टबाची कड गुडघ्याहून उंच असते आणि ओली होते. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा, जमिनीलगतचा शॉवर असलेली जागाच घ्या. शौचाला जेट स्प्रे नसतो, हलका प्लास्टिकचा मग सोबत ठेवा.

वॉशिंग मशीन?

घरांत बहुधा असतं, तेही स्वयंपाकघरात, ओट्याखाली. धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात असेल तर तीन-चार तास लागतात, रात्री लावू नका.

घराची जाहिरात खरी आहे हे कसं ओळखावं?

लंडनमध्ये २०१५ च्या कायद्याने एक मर्यादा घातली आहे. राहतं पूर्ण घर वर्षात नव्वद रात्रींपेक्षा जास्त असं थोड्या दिवसांच्या भाड्याने द्यायचं असेल तर महापालिकेची नियोजन परवानगी लागते. तुमच्यासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. एक, बाराही महिने पाहुण्यांना दिलेलं पूर्ण घर दिसलं तर मालकाला परवानगीबद्दल विचारा. दोन, दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एखाद्या घराच्या नव्वद रात्री तोवर संपलेल्या असू शकतात. अपार्ट-हॉटेलना हा प्रश्न सहसा येत नाही.

याशिवाय नकाशावर ती गल्ली उघडून दार आणि खिडक्या फोटोशी जुळतात का बघा. वाईट अभिप्राय आधी वाचा, विशेषतः गोंगाट, उकाडा आणि जिन्याबद्दलचे. कुणी ‘संकेतस्थळाबाहेर थेट बँकेत पैसे पाठवा, सूट देतो’ म्हणालं तर तिथेच थांबा. कार्डाने भरताना पौंड की रुपये असा प्रश्न आला तर पौंड निवडा, रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूचा असतो.

व्हिसा मिळण्याआधी बुकिंग करावं लागतं का?

अर्जात कुठे राहणार ते विचारतात, म्हणून पत्ता हाताशी हवा. पण निर्णय येईपर्यंत पैसे अडकवू नका. विनाशुल्क रद्द करता येईल असं बुकिंग करा आणि रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. ‘स्वस्त, पण परतावा नाही’ हा पर्याय व्हिसा हातात आल्यावरच.

मे-जूनमध्ये उकडतं का? एसी हवा का?

बरेच दिवस गार असतात, स्वेटर लागतो. पण उष्म्याची लाट आली तर घरांना ती सोसत नाही. जुलै २०२२ मध्ये हीथ्रोला पारा ४० अंशांवर गेला होता. बहुतेक घरांत एसी नसतो, पंखाही नसतो. वरच्या मजल्यावरची, पोटमाळ्यातली खोली टाळा. जूनमध्ये पाचच्या आधी उजाडतं आणि रात्री नऊनंतर मावळतं, म्हणून मुलांच्या खोलीला जाड पडदे आहेत का हेही विचारा.

आपल्या सुट्ट्यांत दर कसे असतात?

आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते, आपली तेव्हा संपलेली असते. त्यामुळे मेचे पहिले तीन आठवडे दर तुलनेने बरे असतात. मेमधल्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी मात्र सरकारी सुट्टी असते आणि शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांनाही, तेव्हा भाव चढतात.

याच कारणाने विद्यापीठांच्या वसतिगृहांचा स्वस्त पर्याय आपल्या हातून निसटतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था उन्हाळ्यात रिकाम्या खोल्या पाहुण्यांना देतात, पण मेमध्ये तिथे विद्यार्थी असतात. जूनच्या शेवटी किंवा जुलैत जाणाऱ्यांनी जरूर बघावं. बाकीच्यांनी यूथ हॉस्टेल असोसिएशनच्या सेंट पँक्रस किंवा अर्ल्स कोर्ट इथल्या स्वतंत्र खोल्या तपासाव्यात, वयाची अट नाही आणि कुटुंबं तिथे राहतात. डॉ. आंबेडकर याच लंडन स्कूलमध्ये शिकले. १९२१-२२ मध्ये ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. उत्तर लंडनमध्ये मुक्काम असेल तर प्रिमरोज हिलच्या बागेसोबत ते एका दुपारी होतं.

वेम्बली, साउथॉल किंवा हाउन्स्लोला आपली माणसं, आपलं खाणं आहे. तिथे राहावं का?

साउथॉलबद्दल माझं मत आता बदललंय. एलिझाबेथ लाइनमुळे तिथून मध्य लंडन अर्ध्या तासाच्या आसपास आलं, हीथ्रोही जवळच. वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन गाडी बेकर स्ट्रीटला लवकर पोचवते, पण आधी स्टेडियमचं वेळापत्रक बघा. नव्वद हजार माणसांच्या सामन्याच्या दिवशी खोल्यांचे दर उसळतात आणि परतताना स्टेशनातून बाहेर पडायलाच वेळ जातो. हाउन्स्लो मला पर्यटनासाठी लांब वाटतं. वडापाव खायला एकदा जाऊन या, मुक्काम नको.

नातेवाईक ‘आमच्याकडेच उतरा’ म्हणतात.

जा, पण सगळे दिवस नको. तिथली घरं लहान असतात, दोघंही नोकरी करतात आणि मुलांची शाळा चालू असते. शनिवार-रविवार त्यांच्याकडे आणि बाकीचे दिवस शहरात, असं केलं तर गप्पाही होतात आणि त्यांच्यावर भारही पडत नाही. आधीच स्पष्ट बोलून घ्या, कुणाला वाईट वाटत नाही.

विमान सकाळी सातला उतरतं आणि खोली दुपारी तीनला मिळते. मधले आठ तास काय करायचं?

बॅगा ठेवता येतील अशी जागा घ्या, म्हणजे हॉटेल किंवा अपार्ट-हॉटेल. लवकर खोली मिळण्यासाठी थोडे जास्त पैसे घेतात, लहान मुलं असतील तर ते द्या. पूर्ण घर घेतलं असेल तर आदल्या रात्रीपासूनच भाडं भरणं हा महाग पण निश्चित मार्ग आहे. तसं केलंत तर मालकाला आधी लिहा की आम्ही सकाळी नऊला येऊ, नाहीतर पाहुणे आलेच नाहीत असं समजून बुकिंग रद्द होऊ शकतं.